1951 ची शेव्हर्ले 3100 पिकअप : आठ महिने चालवल्यावर

एप्रिलमध्ये ही गाडी घरी आणली. आता डिसेंबर आहे, बर्फासाठी रस्त्यांवर मीठ पडायला लागलंय, त्याने पत्रा गंजतो, त्यामुळे ती मार्चपर्यंत गॅरेजमध्येच. आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. इथल्या दोन-तीन मराठी घरांतून ‘कशी आहे, घ्यावी का’ अशी विचारणा झाली, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

घ्यायचीच असेल तर जपलेली घ्या, नव्याने सजवलेली नको. मी दोन गाड्या पाहिल्या होत्या. एक लालभडक, आरशासारखी चकचकीत, आणि किंमत जवळजवळ दुप्पट. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक कॅबच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांवर फिरवलं, तर ते चिकटेचना. रंगाखाली नुसती पुट्टी. या गाड्या आधी तिथेच सडतात, आणि फूटबोर्डाच्या वरच्या पट्टीत. दुसरी गाडी एका शेतकऱ्याच्या कोठारात होती. कारखान्यातला गडद हिरवा रंग, बॉनेटवर पुसून पुसून प्रायमर दिसायला लागलेला, फाळक्याला पोचे, पण पत्रा सगळीकडे शाबूत. हौद्यातल्या लाकडी फळ्यासुद्धा जुन्याच. तीच घेतली. दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा नंबर 14 ने सुरू होतो, म्हणजे ही बाल्टिमोरच्या कारखान्यात जुळलेली. त्या काळात जनरल मोटर्स मुंबईत शिवडीलाही शेव्हर्ले जुळवत असे, 1928 पासून 1954 पर्यंत. एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यातही शेव्हर्ले होत्या. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले, त्यामुळे आमच्या घरात हे नाव जुनं आहे.

चालवायला कशी आहे? आधी शिकावी लागते. किल्ली फिरवून इंजिन चालू होत नाही. चोक ओढायचा आणि ॲक्सिलरेटरशेजारचं स्टार्टरचं पेडल पायाने दाबायचं. तीन गिअर, दांडा स्टिअरिंगखाली. पहिल्या गिअरला सिंक्रो (दात अलगद जुळवून घेणारी यंत्रणा) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही. इंजिन सहा सिलिंडरचं, 216 घनइंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. ताकद नव्वदच्या आसपास हॉर्सपॉवर. मागच्या डिफरन्शियलचा रेशो 4.11, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार फेरे, त्यामुळे ओढते छान, पण पळत नाही. ताशी 45 मैलांवर ती खूश असते. पंचावन्नला आवाज बदलतो, आणि तो आवाज ऐकायलाच हवा. या इंजिनात कनेक्टिंग रॉडची बेअरिंग ओतीव बॅबिटची (एका मऊ मिश्रधातूची) आहेत आणि त्यांना तेल मुख्यतः उडवून मिळतं, आजच्यासारखं दाबाने नाही. हायवेवर दामटली तर बेअरिंग जातात, आणि नवीन बॅबिट ओतणारे कारागीर आता शोधावे लागतात. मी हायवेवर नेतच नाही. गावातले रस्ते, शेतांमधले रस्ते, एवढंच. तेल गरम झाल्यावर ऑइल प्रेशर गेजचा काटा खाली येतो, ते या इंजिनाचं नेहमीचंच. पहिल्या महिन्यात मी दरवेळी घाबरायचे.

पाऊस आला की वेगळीच गंमत. वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ते अर्ध्यातच थांबतात. क्षणभर पाय उचलायचा, काच पुसली जाते, पुन्हा दाबायचा.

विजेचा किस्सा सविस्तर सांगते, कारण यात बरेच जण चुकतात. या गाडीची वायरिंग 6 व्होल्टची आहे. जुलैच्या उकाड्यात ती गरम असताना बंद केली की पुन्हा चालू व्हायला कुरकुर करायची, स्टार्टर कसाबसा फिरायचा. एका गॅरेजवाल्याने सगळं 12 व्होल्टचं करून घ्या म्हणून आग्रह धरला. बाबा तेव्हा आमच्याकडे आलेले होते. त्यांनी मला चार-पाच वेळा स्टार्टर मारायला लावला आणि मग बॅटरीच्या केबलवर हात ठेवायला सांगितला. केबल चांगलीच तापली होती.

“अगं, व्होल्टेज निम्मं म्हणजे करंट दुप्पट. वायर जाड नको का?”

आधीच्या कुणीतरी आजच्या गाड्यांची बारीक केबल बसवली होती. अंगठ्याएवढी जाड केबल आणली, अर्थिंगची जागा घासून लखलखीत केली. त्या दिवसापासून स्टार्टरची तक्रार नाही. 6 व्होल्टला वाईट म्हणण्याआधी केबल बघा.

पण ब्रेकच्या बाबतीत मी कुणालाही मूळ सामानावर विसंबू देणार नाही. घेताना ‘ब्रेकचं काम झालंय’ असं सांगितलं गेलं होतं. जूनमध्ये सिग्नलला पेडल थेट तळाला गेलं. मागच्या एका चाकाचा सिलिंडर गळला होता, आणि ब्रेक ऑइलचं सर्किट एकच असल्याने एका गळतीत चारही चाकांचा ब्रेक जातो. पार्किंग ब्रेक आणि दुसरा गिअर यांच्या जोरावर थांबले. समोर कुणी नव्हतं. नंतर चारही सिलिंडर, होज आणि कॅबच्या फरशीखालचा मास्टर सिलिंडर, सगळं नवं टाकलं. सीटबेल्टही मी बसवून घेतले. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, कॅबच्या आतच आहे, म्हणून तिचा रबरी होजही बदलला. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर खराब होतं.

बाकी देखभाल म्हणजे ग्रीस गन. किंगपिन, पाट्यांचे शॅकल, सगळीकडे निपल आहेत, हजार मैलांवर एकदा फिरून यायचं. सुटे भाग सहज मिळतात. ऑक्टोबरमध्ये हर्शीला अँटिक ऑटोमोबाइल क्लबचा मोठा मेळा भरतो, तिथे मी इंजिनाच्या फ्युएल पंपाची काचेची वाटी शोधून आणली. तिथे एचपीओएफ (हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऑफ ओरिजिनल फीचर्स) नावाचा एक वर्ग असतो, न बदललेल्या, मूळ अवस्थेत टिकलेल्या गाड्यांसाठी. झिजलेला रंग, फाटकी सीट, सगळं जसंच्या तसं. त्या रांगेत मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले.

कामाला येते का? येते. साडेसहा फुटी हौद्यातून या मोसमात खत, सरपण आणि शेजारच्या शेतातले भोपळे वाहिले. अँटिक नंबरप्लेट असल्याने रोज चालवता येत नाही, आणि तेही बरंच आहे.

बघायला जाणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा आणि थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा.