शंभर एएचची बॅटरी आणि आतला सिमेंटचा ठोकळा

मी सांगलीत इमारतींच्या काचा धुण्याचं काम करतो. छोट्या हत्तीत ५०० लिटरची टाकी, पाणी शुद्ध करणारा फिल्टर, १२ व्होल्टचा पंप आणि ३० फुटी पोल. खाली उभं राहूनच वरच्या काचा धुता येतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, फडातलं पाचट पेटलं की काजळी उडत येऊन काचांवर बसते. आमचं काम तेव्हाच खरं असतं. अशा ऐन हंगामाच्या तोंडावर मला बॅटरीत फसवलं. फवाऱ्याला, हातगाडीला, कुठल्याही पंपाला बॅटरी घेणाऱ्यांनी हे वाचावं.

आधी पंप गाडीच्याच बॅटरीवर चालायचा. दुपारी काम आटोपून सेल मारला की गाडी गप्प. मग दोन पोरं आणि मी धक्का मारायचो. ही बॅटरी स्टार्टरला काही सेकंद जोरात करंट द्यायला असते, तिच्या प्लेटा पातळ असतात. रोज तासन्‌तास उपसली की ती लवकर बसते. म्हणून पंपाला वेगळी बॅटरी घ्यायची ठरवलं. क्लॅम्प मीटर लावून बघितलं, पंप ७ अँपिअर ओढतो. दिवसाचे ६ तास धरले तर ४२ एएच, म्हणजे अँपिअर गुणिले तास. ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे ती दुपटीची, १०० एएचची लागणार. लिथियमची १०० एएच घेतली तर दोन दिवस जातील आणि वजन निम्म्याहून कमी. हा हिशोब बरोबर होता. चूक पुढे झाली.

एका दुकानात '१०० एएच, १२.८ व्होल्ट, लिथियम फॉस्फेट' असं स्टिकर लावलेली बॅटरी १६,५०० रुपयांना मिळत होती. बाकी ठिकाणी याच मापाच्या बॅटरीला बरेच जास्त सांगत होते. दुकानदार म्हणाला, "मालक, डोळे झाकून न्या. काय झालं तर मी इथंच बसलोय की." त्याने मीटर लावून १३.२ व्होल्ट दाखवले. काट्यावर ठेवली, ११ किलो भरली. मला दोन्ही पटलं. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वर पडेल म्हणाला, म्हणून मी बिलाशिवाय घेतली. १०,००० फोनवरून दिले, बाकी रोख.

आता कळतंय की त्या १३.२ चा काहीच उपयोग नव्हता. लिथियम फॉस्फेटचा व्होल्टेज भरलेल्यापासून बराच उतरेपर्यंत जवळपास तिथेच राहतो. ५ एएचचा छोटा पॅकही मीटरवर तेवढेच दाखवेल. लोड न लावता व्होल्टेज बघणं म्हणजे टाकीचं झाकण न उघडता वरून हात फिरवून पाणी मोजण्यासारखं आहे.

पहिलंच मोठं काम मिरजेतल्या एका दवाखान्याचं होतं. सकाळी आठला सुरू केलं. साडेदहाच्या सुमाराला पोल धरलेला पोरगा ओरडला, "दादा, पाणी थांबलं!" काचेवर अर्धा साबण तसाच, ऊन चढलेलं, खाली पेशंटची वर्दळ. बॅटरीने आतूनच पुरवठा तोडला होता. बादल्या आणि शिडी आणून रात्रीपर्यंत काम पुरं केलं. पोरांना दीडपट पगार द्यावा लागला आणि त्या दवाखान्याने पुन्हा बोलावलं नाही.

दुकानदार आधी म्हणाला, पहिल्या चार-पाच चार्जिंगला असंच होतंय, नंतर सेट होतंय. झालं नाही. मग म्हणाला, तुमचा पंपच जास्त ओढतोय. ७ अँपिअर अडीच तास म्हणजे साडेसतरा एएच झाले, बाकीचे कुठे गेले, एवढंच विचारलं. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

कुपवाडला एक ओळखीचे मेकॅनिक आहेत, ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. त्यांनी झाकणाला हात लावण्याआधी मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ सुरू केला. सील, स्टिकर, वजन, सगळं एका सलग शॉटमध्ये. ही अक्कल त्यांची. झाकण उघडलं तर आत ३२७०० मापाचे २० गोल सेल, एकेक ६ एएचचा. चार-चारच्या पाच रांगा. रांगेतल्या चार सेलांनी व्होल्टेज भरतो, एएच फक्त रांगा वाढवल्या की वाढतात, म्हणजे नवे असते तरी ३० एएच. खऱ्या १०० एएचला असे ६८ सेल लागतात. त्यातही हे वापरलेले होते. निकेल पट्टीखाली जुन्या वेल्डिंगचे टिपके दिसत होते, दोन सेलांवरचं निळं आवरण फाटून त्यावर टेप चिकटवली होती. आणि तळाला फोममध्ये गुंडाळलेला सिमेंटचा ठोकळा. कडेला अजून साच्याच्या प्लास्टिकचा ठसा होता. म्हणजे हे कुणाच्या हातून चुकून झालेलं नाही, वजन भरायला मुद्दाम ओतलेलं आहे. मला सर्वांत जास्त लागलं ते हेच.

घेणाऱ्यांना मी आता एकच आग्रह करतो. पूर्ण पैसे देण्याआधी बॅटरीवर बल्ब जाळून बघा. गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब जोडले की ९ अँपिअरच्या आसपास जातात. खऱ्या १०० एएच लिथियमवर ते दहा-अकरा तास जळायला हवेत. निम्मे पैसे देऊन रात्रभर घरी चाचणी करू द्या म्हणावं, जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नये. ॲसिडच्या बॅटरीतही जुन्यावर नवं स्टिकर लावतात. तिच्या टर्मिनलवर क्लॅम्पचे ओरखडे आहेत का बघावं.

बिल नाही म्हणून मी गप्प बसणार होतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तेव्हा धीर आला. धंद्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात बसत नाही असं वाटायचं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच धरला जातो. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. फोनवरून दिलेले १०,००० आणि त्याचा '१०० एएच, दोन वर्षं वॉरंटी' हा व्हॉट्सॲप मेसेज हाच माझा पुरावा. तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

सध्या गाडीत ई-रिक्षाची ॲसिड बॅटरी बसवली आहे. उचलायला जड, पण ती गाडीतून खाली उतरवायचीच नसते. पंप दिवसभर चालतो. तो उघडलेला डबा ठोकळ्यासकट विश्रामबागच्या माझ्या खोलीत ठेवलाय. बॅटरी घ्यायला निघालेल्या कुणाला बघायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर मी घरी असतो.