पाच दारांच्या जिम्नीला ४० मिमी लिफ्ट : एक पावसाळा आणि एक ऊसहंगाम वापरल्यानंतर

मारुती सुझुकीच्या जिम्नीला, म्हणजे छोट्या फोर-बाय-फोर गाडीला, लिफ्ट करायची (सस्पेन्शन बदलून उंची वाढवायची) म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती इंच?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी वजन ठरवा. रिकामी जिम्नी साधारण १,२०० किलोची आणि कंपनीने दिलेली एकूण मर्यादा १,५४५ किलो. म्हणजे घरची चार माणसं आणि दोन बॅगा बसल्या की गाडी जवळजवळ पावपट जड होते. इतक्या हलक्या गाडीत स्प्रिंगची निवड चुकली की पहिल्याच स्पीडब्रेकरला कळतं. स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) गृहीत धरून बनवलेली कडक स्प्रिंग मोकळ्या गाडीला लावली, तर शहरात चालवणं नको होतं. माझ्या गाडीला विंच नाही, बंपर मूळचाच आहे. म्हणून हलक्या वजनासाठीची, ४० मिमी उंची देणारी स्प्रिंग आणि तिच्या जोडीचे लांब शॉक ॲब्सॉर्बर असा पूर्ण संच घेतला. लिफ्टमुळे १,५४५ किलोची मर्यादा वाढत नाही, हेही लक्षात ठेवा.

स्पेसर स्वस्तात होतो, मग तो का नाही? स्पेसर म्हणजे मूळ स्प्रिंगच्या डोक्यावर ठेवलेली जाड चकती. गाडी उंच दिसते, पण शॉक ॲब्सॉर्बर जुन्याच लांबीचा राहतो. ३० मिमीचा स्पेसर घातला की चाक खाली लोंबायला तेवढीच जागा कमी उरते. मित्राच्या गाडीत हे शेजारी उभं राहून पाहिलंय. चंदगडकडच्या एका बांधावर त्याचं मागचं चाक हवेत राहून गरगरत होतं, मग ब्रेकची यंत्रणा ते धरून दुसऱ्या चाकाला जोर द्यायची आणि गाडी हिसके देत चढायची. त्याच जागी माझं चाक जमिनीला टेकून होतं. जिम्नीची सगळी मजा तिच्या अखंड ॲक्सलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकसंध आसात आहे. एक चाक वर दाबलं गेलं की दुसरं खाली जातं आणि माती सोडत नाही. तो गुण मारून उंची घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

आता कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन. पुढचा ॲक्सल दोन आर्मवर (लांब दांड्यांवर) धरलेला असतो. गाडी वर गेली की आर्म खाली कलतात, त्यांच्यासोबत ॲक्सलही फिरतो आणि कॅस्टरचा कोन कमी होतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येतं ते या कोनामुळे. तो कमी झाला की हायवेवर गाडी भरकटते, सारखी सावरत बसावी लागते. तो कोन परत आणणारे कॅस्टर बुश (आर्ममध्ये बसणारे रबरी तुकडे) विक्रेते "नंतर बघू" म्हणतात. मी ते स्प्रिंगसोबतच बसवून घेतले आणि या खर्चाचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर ९०च्या वेगाला गाडी मूळच्या इतकीच सरळ चालते.

काम कोल्हापुरात उद्यमनगरात केलं. जुने बुश हायड्रॉलिक प्रेसवर काढले. नव्या बुशचं भोक मध्यावर नसतं, एका बाजूला असतं. म्हणून मिस्त्रींनी आधी आर्मवर खडूने खूण केली, दोन्ही बाजूंची भोकं एकाच दिशेला येतात हे पट्टी लावून तपासलं आणि मगच प्रेस दाबला. सगळं जोडून झाल्यावर मी बोल्ट आवळायला सांगितले, तर म्हणाले, "थांबा साहेब, गाडी चाकांवर उभी राहू दे, मग आवळूया." हे फार महत्त्वाचं आहे. गाडी हवेत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुमच्या गॅरेजवाल्याला हे एवढं नक्की विचारा.

पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवा हलू न देणाऱ्या, चॅसीला जोडलेल्या दांड्यामुळे) लिफ्टनंतर ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. ४० मिमीला मी मूळचाच रॉड ठेवला. ५० किंवा जास्त करणार असाल तर लांबी बदलता येणारा रॉड घ्या आणि ब्रेकचे होजही (ब्रेक तेलाच्या रबरी नळ्या) तपासून घ्या. स्टिअरिंग मध्यावर आणून घ्या. हेडलाइटचा झोत खाली करा, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मी आधी मोजून ठेवलं होतं. बसवल्यावर वाढ ४५ मिमी होती, पावसाळ्यानंतर स्प्रिंग बसून ४० वर स्थिरावली. दिवाळीनंतर उसाची वाहतूक सुरू झाली आणि खरी परीक्षा तिथे झाली. ट्रॅक्टर-ट्रॉलीने पाडलेल्या चाकोऱ्या जिम्नीपेक्षा रुंद असतात, त्यामुळे एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर. गाडी कलते. उंची वाढल्यावर तो कल जास्त जाणवतो. अशा वेळी टपावर सामान नको. पोट मात्र आता टेकत नाही. पाच दारांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,५९० मिमी, तीन दारांचा २,२५० मिमी, त्यामुळे आपल्या गाडीला पोटाखालची वाढीव जागा जास्त उपयोगी पडते.

पण डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा? तो ॲक्सलवरच असतो. स्प्रिंग कितीही उंच घ्या, तो एक मिलिमीटरही वर जात नाही. तो उचलायला टायरच मोठा हवा. मूळच्या १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ घेतला तर हिशोबाने सुमारे ५ मिमी मिळतात, २३५/७५ घेतला तर सुमारे २० मिमी. मात्र २३५ला स्पीडोमीटर जवळजवळ ६ टक्के कमी वेग दाखवतो आणि गाडीचा जोरही तेवढा कमी होतो.

कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांविरुद्ध आहे. विमा आणि वॉरंटीबद्दल काम करण्याआधी लेखी विचारा. मूळची स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश मी तेल लावून, गुंडाळून ठेवले आहेत. आत्ताचे टायर झिजले की २१५/७५ बसवणार. २३५चा विचार सोडला आहे, कारण माझी निम्मी धाव हायवेवरच होते.