वर्डप्रेस साइट: एजन्सीला द्यावी की तासावर काम करणाऱ्या पोराला?

आमचा दापोलीजवळ आंजर्ल्याला पाच खोल्यांचा होमस्टे आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं त्यात पत्रे गेले, माड गेले, सुपारीची वाडी तर आडवीच झाली, आणि मग घर परत उभं करता करता असं ठरलं की बुकिंगवाल्या ॲपना कमिशन देत बसण्यापेक्षा आपली स्वतःची साइट पाहिजे. तेव्हापासून आजपर्यंत ही साइट मी तीन वेळा तीन वेगवेगळ्या लोकांकडून करून घेतलीय, त्यामुळे आजूबाजूचे होमस्टेवाले, दापोलीचा एक दुकानदार, बायकोच्या माहेरचे, सगळे मलाच विचारतात की बाबा कोणाकडून करून घेऊ. दर वेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

वर्डप्रेस म्हणजे काय, ते फुकट कसं, डॉट कॉम आणि डॉट ऑर्गमध्ये फरक काय, हे धरून चालतो की तुम्हाला माहीत आहे. होस्टिंगच्या प्लॅनची तुलनाही करत बसत नाही, पाच-दहा खोल्यांच्या साइटला कुठलंही बरं होस्टिंग चालतं.

पहिला माणूस फार स्वस्तातला होता, ६,००० रुपयांत सगळं. त्याच्याबद्दल दोनच वाक्यं. थीम (साइटचं रंगरूप ठरवणारा तयार साचा) विकतची होती पण त्याने कुठून तरी फुकट मिळवलेली टाकली होती, आणि काही महिन्यांनी लोक मोबाइलवर आमची साइट उघडायला गेले की जुगाराच्या साइटवर जायला लागले (हे मला एका पाहुण्यांनी फोन करून सांगितलं, तेव्हा जी लाज वाटली ती वेगळीच). डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्याच्याच ईमेलवर घेतलेलं होतं, ते सोडवून घ्यायला मला घर सोडवून घेण्याइतका त्रास झाला.

तिथून पोळून मी थेट पुण्याच्या एका एजन्सीकडे गेलो. नाव नको, माणसं वाईट नव्हती. उलट पहिले दोन महिने मी सगळ्यांना त्यांचं कौतुक सांगत फिरत होतो. ४५,००० साइटचे आणि वर्षाला १२,००० मेंटेनन्सचे. मीटिंग वेळेवर, प्रत्येक मीटिंगनंतर काय ठरलं त्याचा ईमेल, फोटो काढायला माणूस पाठवला, त्याने पडवीचे, खळ्याचे, किनाऱ्याचे असे काही फोटो काढले की आम्हालाच आपलं घर नवीन वाटायला लागलं. बॅकअप रोज, अपडेट त्यांच्याकडे, साइट वर्षभरात एकदाही पडली नाही. हे सगळं मान्य, आणि ज्याला साइटकडे अजिबात बघायचंच नाहीये त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल, चांगली एजन्सी बघा आणि देऊन टाका.

माझं बिनसलं ते एका ओळीवरून.

आमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल हा कासवांचा सीझन असतो. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या थंडीत किनाऱ्यावर अंडी घालतात, कासवमित्र (कासवांची अंडी जपणारे लोक) ती उचलून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या जागेत, नेऊन पुरतात आणि वर टोपली झाकतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पिल्लं समुद्रात जाताना बघायचा कासव महोत्सव वेळासला २००६ पासून होतोय, आता आंजर्ल्यालाही होतो. पण तारीख माणूस ठरवत नाही. घरटी कधी मिळाली, ऊन किती पडलं त्यावर सगळं, म्हणजे आज सकाळी टोपली उचलल्यावर खाली पिल्लं असतात किंवा नुसती वाळू असते. पुण्या-मुंबईच्या लोकांना एकच प्रश्न असतो, या शनिवारी निघालो तर दिसतील का? म्हणून साइटच्या अगदी वर एक पट्टी करून घेतली होती, त्यात एक ओळ, 'यंदाच्या तारखा लवकरच'.

तर झालं असं की एका शुक्रवारी संध्याकाळी सलग दोन घरट्यांतून पिल्लं निघाली आणि कासवमित्र म्हणाले उद्या-परवा अजून निघतील. मी हॅचरीपाशीच उभा राहून मोबाइलवरून साइटमध्ये लॉगिन केलं, म्हटलं ती ओळ बदलतो. खोल्यांचं पान उघडलं, जेवणाचं पान उघडलं, पट्टी कुठेच सापडेना. मग कळलं की पट्टी थीमच्या सेटिंगमध्ये होती आणि मला त्यांनी एडिटरचा रोल (कोणाला काय बदलता येईल ते रोलवर ठरतं) दिलेला. वर्डप्रेसमध्ये मुळात पाच रोल असतात, त्यात एडिटरला पानं आणि पोस्ट बदलता येतात, पण थीम, मेनू, विजेट, प्लगिन (साइटला जोडायचे छोटे प्रोग्राम) यातलं काही दिसतसुद्धा नाही. तिथेच वाळूत बसून एजन्सीकडे तिकीट टाकलं, म्हणजे बदलाची ऑनलाइन विनंती. लगेच उत्तर आलं, 'तुमची विनंती नोंदवली आहे', पण ते मशीनने पाठवलेलं. सोमवारी साडेअकराला माणसाचं उत्तर आलं, 'सर, कंटेंट कन्फर्म करा, ४८ तासांत अपडेट करतो'. तोपर्यंत पिल्लं समुद्रात, पाहुणे शेजारच्यांकडे.

एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण गणपतीत दर बदलायचा, तिकीट. डिसेंबरला दोन खोल्यांचं काम काढलं, तिकीट. फोन नंबरमधला एक आकडा चुकलाय, तिकीट, आणि मेंटेनन्समध्ये महिन्याला दोनच बदल फुकट, तिसऱ्याला वेगळे पैसे. मी म्हटलं मला ॲडमिनिस्ट्रेटर करा की, साइट माझी आहे. ते म्हणाले सर, सिक्युरिटी पॉलिसी आहे. आता खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकत नव्हतं, मालकाला सगळ्या चाव्या दिल्या की मालक काहीतरी मोडतो आणि मग रात्री फोन यांनाच. पण चावी न देणं आणि दुरुस्तीला तीन दिवस लावणं, या दोन गोष्टी एकत्र नाही ना चालत.

तिसरा म्हणजे आत्ताचा, कोल्हापूरकडचा एक पोरगा. कंपनी-बिंपनी नाही, एकटाच काम करतो, तासाला ५०० रुपये घेतो. पहिल्या फोनवर त्याने विचारलं, 'काका, साइट मी करून देऊ का तुम्हाला शिकवत शिकवत करू? शिकवत केली तर चार-पाच तास जास्त लागतील.' मी म्हटलं शिकवत. मग रोज रात्री जेवणं आटोपली की स्क्रीन शेअर करून बसायचो, माउस माझ्या हातात, तो नुसता सांगणार. एकूण २६ तास लागले, म्हणजे १३,०००.

त्याने केलं काय ते सांगतो कारण तुलना तिथेच आहे. वर्डप्रेसमध्ये २०१८ च्या डिसेंबरला ५.० आवृत्तीत ब्लॉक एडिटर आला (मजकूर, फोटो, बटण असे एकेक तुकडे म्हणजे ब्लॉक रचून पान करायचं) आणि २०२२ च्या जानेवारीत ५.९ पासून हेडर, फूटरसकट (पानाची वरची-खालची पट्टी) अख्खी साइट ब्लॉकनेच बदलता यायला लागली. त्याने वेगळा पेज बिल्डर (पानांची मांडणी करायचं प्लगिन) न घेता साधी ब्लॉक थीम घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, काका उद्या मी नसलो आणि बिल्डरचं प्लगिन बंद झालं की मांडणी विस्कटते, काही जुन्या बिल्डरच्या पानांवर तर नुसते कंसातले कोड उरतात. आणि ती कासवाची पट्टी त्याने सिंक केलेला पॅटर्न म्हणून केली, म्हणजे एका ठिकाणी बदलली की सगळ्या पानांवर बदलते, आणि गंमत म्हणजे तो पॅटर्न एडिटर रोललाही बदलता येतो. म्हणजे एजन्सीला सिक्युरिटी सांभाळूनही ते करता आलं असतं! आता बायकोच्या मोबाइलवर एडिटरचं लॉगिन आहे, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं आहे आणि त्याचा पासवर्ड डायरीत. किनाऱ्यावरून मी फोन करतो, बायको ओळ बदलते, फार तर कॅशे (साठवून ठेवलेली जुनी प्रत) क्लिअर करायची विसरते आणि मग मी ओरडतो की जुनीच दिसतेय.

अजून एक, मराठीचं. एजन्सीने डिझाइन इंग्रजी मजकुरावर केलं होतं, मराठी शेवटी ओतली. शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं, इंग्रजीत ते छान दिसतं पण मराठीत शिरोरेखा तुटते, 'आंजर्ले' असं दिसायचं जणू दात पडलेत. ओळींमधलं अंतर इतकं कमी की वरची वेलांटी आणि रफार छाटलेले. मी तीनदा सांगितलं, त्यांना बहुतेक दिसतच नव्हतं. पोराने पहिल्याच दिवशी न सांगता बघितलं. आणि पानांचे पत्तेही इंग्रजी अक्षरात करायला लावले, कारण मराठी पत्ता व्हॉट्सॲपवर टाकला की टक्के आणि आकड्यांची आगगाडी होते, आत वर्डप्रेस मराठीच्या एकेका अक्षरचिन्हाला नऊ नऊ जागा मोजतं आणि एकूण जागा २००, म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर पत्ता कापलाच जातो. आमचं 'कासव महोत्सवासाठी राहण्याची सोय' मधल्यामध्येच तुटलेलं होतं, ते का हे मला तेव्हा कळलं.

आता त्याचे दोष. एकटा माणूस आहे, बहिणीचं लग्न होतं तेव्हा आठ दिवस फोन बंद. बिल आपणच मागायचं नाहीतर तीन महिन्यांनी एकदम आठवतं. कागदावर काही नाही, करार नाही. डिझाइनची नजर एजन्सीइतकी नाही हे मला मान्य करावं लागेल, पहिल्या पानाचा रंग त्याने निवडला होता तो बायकोने बघून 'हा कुठल्या पतसंस्थेचा बोर्ड' म्हटलं. आणि चाव्या हातात आल्यावर मी व्हायचं ते केलंच, एका रात्री हेडरमधला काहीतरी नको असलेला ब्लॉक काढायला गेलो आणि अख्खा मेनूच काढून सेव्ह केला. घाम फुटला. त्याला फोन लावला तर म्हणाला, 'काका, मी करत नाही, तुम्हीच करा, कालचा बॅकअप उघडा.' वीस मिनिटं लागली पण साइट परत आली, आणि खरं सांगू का, त्या रात्रीपासून मला साइटची भीती वाटेनाशी झाली.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी एजन्सीला होस्टिंग सोडून ५७,००० गेले, पोराकडे दोन वर्षांत मिळून वीस-बावीस हजार. पण ही तुलना मी फार ताणणार नाही, कारण माझे जे तास गेले ते यात धरलेले नाहीत, आणि एजन्सीच्या माणसांना पगार, ऑफिस, जीएसटी सगळं असतं. तुमचं मोठं रिसॉर्ट असेल, ऑनलाइन पेमेंट, खोल्यांचं कॅलेंडर दोन-तीन ॲपशी जोडायचं असेल, तर एकट्या माणसाच्या भरवशावर राहू नका, तिथे एजन्सीच बरी असं मला वाटतं. ज्यांना संध्याकाळी लॅपटॉप उघडायचाच कंटाळा आहे त्यांनाही तेच सांगेन. पण ज्यांचे दर, तारखा, मेनू दर आठवड्याला बदलतात, ज्यांचा धंदा ऐनवेळच्या एका ओळीवर चालतो, त्यांनी निदान एकदा तासावर शिकवणारं कोणी मिळतंय का बघावं. (भाच्याला सांगतो, तो इंजिनिअर आहे, हा तिसरा मार्ग आम्हीही करून बघितला. भाचा छान आहे, साइट अजून व्हायचीय.)

आणि दोघांपैकी कोणाकडेही गेलात तरी ॲडव्हान्स द्यायच्या आधी डोमेन आणि होस्टिंग तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डवर, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतोय ना ते बघा. मग त्यांच्यासमोर बसून एकच गोष्ट करायला सांगा, पहिल्या पानावरची एक ओळ त्यांनी न शिवता तुम्ही तुमच्या फोनवरून बदलून दाखवायची. जो म्हणेल की त्याची काय गरज आहे सर, आम्ही आहोत ना, तिथे जरा थांबा.

एजन्सीचे ते फोटो मात्र आम्ही अजून वापरतो. तसे फोटो पोराला जन्मात काढता येणार नाहीत.