आमच्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा: एका गावकरणीचा रिव्ह्यू

घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, म्हणजे ग्रामपंचायतीची सेवा आपण पैसे देऊनच घेतो ना, मग तिचा रिव्ह्यू का नको. मी गिरणाकाठच्या एका गावात राहते, कपाशी, मका, ज्याला पाणी आहे त्याची केळी, असं साधं गाव आहे. बचत गटाचं काम बघते आणि त्याच्यामुळे ग्रामसभेला नेमाने जाते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण कोणाला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये, आणि आजूबाजूच्या गावांच्या बायका भेटल्या की त्यापण थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

रिव्ह्यू आहे ग्रामपंचायत विकास आराखड्याचा, ज्याला सगळे जीपीडीपी म्हणतात. महाराष्ट्रात 2015 पासून 'आमचं गाव आमचा विकास' या नावाने हे सुरू झालं. पुढच्या वर्षी गावात कोणती कामं होणार, कोणत्या पैशातून होणार, हे गावानेच ठरवायचं, ग्रामसभेत मंजूर करायचं, मग ते ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन चढतं. आणि जे काम आराखड्यात नाही त्याला वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून गावाला येणारा पैसा मिळत नाही, हे सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करा. आपल्याकडे माणसं वर्षभर सरपंचांना रस्त्यात गाठून सांगतात, अप्पा आमच्या गल्लीची गटार बघा, आणि अप्पापण हो म्हणतात, मनापासून म्हणतात, पण आराखडा बनत होता तेव्हा तो विषय कोणी मांडलेलाच नसतो. मग आराखड्यात बदल करा, पुरवणी घ्या, पुन्हा ग्रामसभा, त्यात वर्ष जातं.

आधी पैशाचं सांगते, कारण ते कळलं नाही तर सभेत बसून काही उपयोग नाही. 15 व्या वित्त आयोगाचा निधी 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी होता, त्यात 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित. बंधितमधला अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. म्हणजे समजा गावाला 10 लाख येणार असतील तर 3 लाख पिण्याच्या पाण्यावर, 3 लाख गटार, सांडपाणी, कचरा, शौचालय यावर, आणि उरलेले 4 लाख गावाला जे गरजेचं वाटेल त्यावर. पण त्या 4 लाखातूनपण पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे यावरच येणार आहे मी. बाकी स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, गाळे असतील तर भाडं, त्यातले 5 टक्के दिव्यांगांसाठी, 10 टक्के महिला बालकल्याणाला आणि 15 टक्के मागासवर्गीयांसाठी ठेवावे लागतात. आमच्याकडे दिव्यांगांचे 5 टक्के आधी नुसते कागदावर फिरायचे, आता वाटप होतं आणि कोणाला किती दिले ती यादी बोर्डावर लागते, त्याबद्दल ग्रामपंचायतीचं कौतुक आहे.

आता चांगलं काय ते मोकळ्या मनाने लिहिते. आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण गावात भाऊसाहेबच चालतं) आराखड्याच्या आधी वॉर्डावॉर्डात बसतात. देवळाच्या ओट्यावर, भिल्ल वस्तीत अंगणवाडीसमोर, सतरंजी टाकून बसतात आणि वहीत लिहून घेतात. ही पद्धत मला फार आवडली, कारण मोठ्या ग्रामसभेत भिल्ल वस्तीतली बाई कधी तोंड उघडत नाही, तिथे पुढच्या खुर्च्या ठरलेल्या आहेत. तिच्या स्वतःच्या अंगणात मात्र ती बोलली, आणि काय बोलली, "आमले कोन इचारस भाऊ, पानी कव्हय येई तेवढं सांगा". एवढं एकच वाक्य, पण त्याच्यातून आख्खा विषय निघाला, की वस्ती उंचावर आहे, टाकीतून पाणी सुटलं की खालच्या गल्ल्या भरतात आणि वर प्रेशरच येत नाही. कागदावर तिथे नळ कनेक्शन आहे. जलजीवन म्हणजे घरोघरी नळाने पाणी द्यायची जी योजना आहे, तिच्या हिशोबाने माणशी रोज 55 लिटर मिळायला पाहिजे. नळ आहे म्हणून सर्व्हेत ते घर पूर्ण झालेलं दिसतं आणि बाई हंडा घेऊन खाली येते.

दुसरी चांगली गोष्ट महिला सभा. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावात रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतात आणि सभा झाली म्हणतात, आमच्याकडेपण आधी असंच चालायचं. आता बचत गटाच्या बायका स्वतःच जातात, आणि आम्ही एक ठरवलंय की सही करायच्या आधी इतिवृत्तात आपला विषय लिहिलाय का ते वाचायचं. वाचून दाखवा म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. ठराव लिहिलेला असला की पुढे बोलायला जागा राहते, नुसतं तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

ग्रामसभेला मात्र माणसं येत नाहीत, हे कबूल करावं लागेल. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, मोठ्या गावात 100 म्हणजे काहीच नाही, तरी जमत नाहीत. मग सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणजे मोजकी माणसं बसून आख्ख्या गावाचा आराखडा मंजूर करू शकतात, आणि कायद्याने ते चूक नाही. कपाशी वेचणीच्या दिवसात सभा ठेवली तर मजूर बाई कशी येणार, तिचा रोज बुडतो. सभा सकाळी 10 ला न ठेवता संध्याकाळी ठेवा ही मागणी आम्ही दिली, एकदा ठेवली तर गर्दी चांगली झाली, पुढच्या वेळेस पुन्हा सकाळी. ही साधी गोष्ट आहे, खर्च शून्य, आणि तरी होत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऑनलाइनचं थोडक्यात. ई-ग्रामस्वराज पोर्टल 2020 मध्ये आलं आणि 'मेरी पंचायत' म्हणून मोबाइल ॲप आहे, लॉगिन न करता आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च दिसतो. पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीने होतं, ही चांगली सोय आहे. वाईट काय तर कामांची नावं इंग्रजीत आणि इतकी मोघम, की गटार म्हणजे कोणाच्या घरापासून कोणाच्या घरापर्यंत ते कळतच नाही. माझ्या सासूबाईंना ते कधीच वाचता येणार नाही. त्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात कामाचं नाव, गल्ली, रक्कम असं लिहिलं तर ॲपपेक्षा जास्त माणसं वाचतील.

आता मुख्य तक्रार, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

आमचा आराखडा हा बांधकामाचा आराखडा आहे, सेवेचा नाही. मागच्या काही वर्षांचे आराखडे काढून बघितले तर काँक्रीट रस्ता, पेव्हर ब्लॉक, भूमिगत गटार, हायमास्ट, स्मशानभूमीचं शेड, सभामंडपाला कंपाउंड, शाळेला कंपाउंड, ओपन जिम, आरओ प्लांट. ही कामं नको असं मी म्हणत नाही, रस्ता पाहिजेच, पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती चपलेला धरून ठेवते. पण काम पूर्ण झालं, फोटो काढला, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, ठेकेदाराचं बिल निघालं, की आराखड्याच्या दृष्टीने विषय संपतो. तिथून पुढे ती वस्तू रोज कोण चालवणार, बिघडली तर पैसे कुठून येणार, याला आराखड्यात रकानाच नसतो. आरओ प्लांट आला तेव्हा सगळ्यांनी जार भरले, फिल्टर बदलायची वेळ आली तेव्हा कोणाच्या खात्यात पैसे नव्हते, आता त्याच्या दाराला कुलूप आहे. सार्वजनिक शौचालय बांधलं, पाण्याचं कनेक्शन आहे पण साफ करणारा माणूस ठरवला नाही. टाकी नवी बांधली, वॉल्व फिरवणारा तोच एक जुना माणूस, त्याला दोन टाक्या, त्याचं वयही झालं, आणि तो लग्नाला गेला की गावाला पाणी नाही.

आणि इथेच ते वरचं वाक्य येतं. वित्त आयोगाच्या पैशातून पगार देता येत नाही. पाण्याच्या बंधित निधीतून दुरुस्ती, पाइपलाइन, मोटर हे करता येतं, पण वॉल्ववाल्याचा पगार घरपट्टी-पाणीपट्टीतूनच निघणार. शासन कर्मचाऱ्यांच्या पगारात हिस्सा देतं तोपण वसुलीशी जोडलेला आहे. वसुली कमी तर पगार थकला, पगार थकला तर पाणी चार दिवसाआड, आणि पाणी चार दिवसाआड म्हणून लोक पाणीपट्टी भरत नाहीत. वीजबिलाचं तर विचारूच नका, पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची बिलं वित्त आयोगाच्या पैशातून भरा असं शासनाने 2021 मध्ये सांगितलं तेव्हा सरपंच मंडळी भडकली, आणि त्यांचं बरोबरपण होतं, विकासाचा पैसा बिलात गेला तर कामं कशातून करायची. पण दुसरीकडून बघितलं तर मोटर चालली नाही तर त्या टाकीचा काय उपयोग, बिल हासुद्धा पाण्याचाच खर्च आहे आणि तो पहिल्या दिवसापासून माहीत असतो, मग तो आराखडा करतानाच का धरत नाहीत.

आपल्या खान्देशाला ही अक्कल कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. पांझरेवर साक्रीकडे फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर छोटा बंधारा, त्याच्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी फेरपालट. पण माझ्यासाठी त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट बंधारा नाही, माणसं आहेत. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा, पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं. म्हणजे पाणी कोण सोडणार आणि त्याचं पोट कशावर भरणार हे आधीच ठरलेलं. त्याच साक्री तालुक्यात बारीपाड्याने जंगल राखलं तेसुद्धा असंच, राखणदार नेमले, झाड तोडलं तर दंड ठरवला, आणि तो गावाने पाळला. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या गटातपण पेढे वाटले. असं असताना आमच्या आराखड्यात फक्त सिमेंट का, हा माझा प्रश्न आहे.

तर मागच्या महिला सभेत आम्ही नवीन टाकी, नवीन शेड काही मागितलं नाही. विचारलं की प्रत्येक नव्या कामापुढे लिहा, हे चालवणार कोण, महिन्याला खर्च किती, आणि तो कोणत्या खात्यातून. सुरुवातीला सदस्य लोक म्हणाले ताई हे आराखड्याच्या नमुन्यात बसत नाही. मग भाऊसाहेबांनीच मार्ग काढला, नमुन्यात नसेल तर ठरावात लिहू. उंचावरच्या वस्तीला वेगळा वॉल्व आणि वेगळी वेळ, तो खर्च बंधितमधून. वॉल्ववाल्या बाबांच्या हाताखाली एक तरुण मुलगा, त्याचं मानधन पाणीपट्टीतून, आणि त्यासाठी पाणीपट्टी वाढवायची. पाणीपट्टी वाढवा असं बायकांनी म्हणावं याचं सरपंच अप्पांना आश्चर्य वाटलं. पण टँकरवाल्याला, जारवाल्याला आपण त्याच्या कितीतरी पट देतो, मार्च-एप्रिलमध्ये धरणातून नदीला आवर्तन सुटेपर्यंत विहीर तळाला जाते तेव्हा काय भावाने पाणी घ्यावं लागतं ते घर चालवणाऱ्या बाईला माहीत असतं. ठराव झाला, इतिवृत्तात लिहिला, मी वाचून मग सही केली. वस्तीत आता वेगळ्या वेळेला पाणी जातं, अजून रोज नाही, एका दिवसाआड, पण जातं. मुलाचं मानधन पहिले महिने वेळेवर झालं.

आरओ प्लांटचं कुलूप मात्र अजून तसंच आहे. बचत गटाला चालवायला द्या असा अर्ज आम्ही दिलाय, फिल्टर आणि विजेचा हिशोब जोडून दिलाय, मासिक सभेत तो विषय दोनदा पुढे ढकलला.

शाळा-अंगणवाडीसाठी पाच पैकी चार, काम बरं आहे. विचारून घेण्याच्या पद्धतीला साडेचार. ॲपला दोन. आणि आराखड्याला अडीच, तेसुद्धा शेवटच्या ठरावामुळे, नाहीतर दीड दिला असता. सातपुड्याकडची म्हणजे चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, नंदुरबार भागातली जी गावं पेसात, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या वेगळ्या पंचायत कायद्यात येतात त्यांचं गणित वेगळं आहे, तिथे ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत आणि 5 टक्के अबंध निधी वेगळा येतो, तिथल्या कोणी अनुभव लिहिला तर वाचायला आवडेल, खास करून पाड्याची ग्रामसभा वेगळी भरते तिथे चालवण्याच्या खर्चाचं कसं करतात ते.

बाकीच्यांनी एवढं करा, ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, ती लागली की मागच्या वर्षीच्या आराखड्याची प्रत मागा आणि त्यातलं एकच काम निवडा, जे बांधून झालंय पण बंद पडलंय. सभेत तेवढंच विचारा, हे कोण चालवणार होतं. उत्तर काय मिळतं ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.