अकरा महिने सोलर: नागपूरचं ऊन आणि टाकीची सावली

मानेवाड्यातल्या आमच्या घरावर सोलर बसून परवा अकरा महिने झाले. ५४० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे सव्वातीन किलोवॅटच्या आसपास. ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनीला जोडलेलं, बॅटरी नाही. खर्च १ लाख ९५ हजार आला, त्यातले ७८ हजार पीएम सूर्यघर योजनेतून खात्यात परत जमा झाले. तीन किलोवॅट लावा की पाच, घरगुती सबसिडी तेवढीच मिळते, म्हणून आम्ही तिनावर थांबलो.

पहिला धक्का आठवड्याभरातच बसला. जूनमधलं वादळ आलं, गल्लीतली लाइन गेली आणि आमचा पंखाही थांबला. बाहेर चांगलं चार वाजताचं ऊन पडलेलं. समोरच्या काकू गेटवरून ओरडल्या, "काहून वो, सोलर लावलं नं तुमी? मंग तुमच्याइथं बी लाइन कशी गेली?" काय सांगणार! ऑनग्रिडचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा, बाहेरची लाइन गेली की स्वतःहून बंद होतो. तसा तो झाला नाही, तर आपल्या छतावरची वीज तारेत उतरेल आणि खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. कारण पटलं, पण हे बसवणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं. जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर मी भंगारात देणार होते, तो तेवढा वाचला.

आता उन्हाचं. आपल्याला वाटतं, नागपूरचा मे म्हणजे मीटर नुसतं पळणार. मी रोज संध्याकाळी सोलरच्या ॲपमधला त्या दिवसाच्या युनिटचा आकडा कॅलेंडरवर लिहिते. यंदा एप्रिलची सरासरी १४ युनिटच्या वर गेली आणि मे महिन्यात पारा ४५ ला टेकला तशी ती १३ वर उतरली. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको. त्याच्या वॅटची मोजणी २५ अंशांवर केलेली असते, आणि त्याच्या वर दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के ताकद जाते. दुपारी दोनला काच ७० अंशांपर्यंत तापली, तर १५ टक्क्यांच्या वर तिथेच गेले. पावसाळ्यात मात्र काही इलाजच नाही. जुलैत झड लागली तेव्हा एका दिवशी ३ युनिट झाले होते.

खरी चूक डिसेंबरात कळली. ऊन लख्ख, आभाळ निरभ्र, तरी युनिट नऊच्या वर जाईनात. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे, थंडीत असंच असतं. एक दिवस दुपारी मीच वर जाऊन बसले. दीड वाजला तशी पाण्याच्या टाकीची सावली पहिल्या पॅनलवर चढली, आणि तीनपर्यंत दोन पॅनल झाकले गेले. पॅनल माळेत, एकापुढे एक जोडलेले असतात, तेव्हा फटका त्या दोघांपुरताच राहतो असं नाही. सोलर बसवण्याआधीची छताची पाहणी मे महिन्यात झाली होती. मे अखेरीस आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली असते, टाकीची सावली दिसणार कुठून? डिसेंबरात सूर्य इतका खाली असतो की बारा वाजताही टाकी जेवढी उंच तेवढीच तिची सावली लांब. त्यात आमची टाकी नैऋत्येला, वास्तूप्रमाणे. ती हलवायला सासूबाई तयार होईनात. शेवटी स्टँड कापून टाकी तीन फूट खाली घेतली, नैऋत्य शाबूत राहिली. वरच्या मजल्यावरच्या नळाची धार तेवढी बारीक झाली. जानेवारीत आकडा बारावर आला.

धुण्याचं काम सोपं वाटतं, पण ते नेमाने करावं लागतं. मी दर रविवारी सकाळी सहाला लांब दांड्याचा मऊ मॉप फिरवते. बादलीत उतरणारं पाणी आधी चहासारखं, मग काळपट. सुरुवातीला बोअरचं पाणी मारलं तर वाळल्यावर काचेवर पांढरे ओघळ उठले. ते घासता घासता हात दुखले. आता नळाचंच पाणी वापरते. आणि दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच नाही. संक्रांतीनंतर पॅनलच्या फटींतून मूठभर मांजा निघाला. खाली कबुतरांनी घरटं केलं म्हणून जाळी लावली, तिचा खर्च वेगळा.

बिलाचं विचाराल तर आधी मे महिन्याचं सहा हजारांच्या पुढे जायचं. आता थंडीत फक्त स्थिर आकार आणि किरकोळ भरते. शून्य बिल काही मी पाहिलं नाही. नेट मीटर म्हणजे हातउसन्याचा व्यवहार. दिवसा दिलेले युनिट रात्री एसीला परत घ्यायचे. सासूबाई मात्र कपड्यांचं मशीन दुपारी बारालाच लावतात, "फुकटच्या लाइनीत" म्हणून. बिलात त्याने फरक पडत नाही हे मी सांगून थकले. दूध, वरण इंडक्शनवर गेलं, त्यामुळे सिलिंडर दोन महिने पुरतो, हा फायदा मी धरलाच नव्हता.

एक गोष्ट खटकते. ऑक्टोबरपासून साठलेले युनिट ३१ मार्चला हिशेबात निघतात. आमचे ११८ शिल्लक होते. आम्हाला वीज ज्या भावाने पडते त्याहून कमी भावाने त्यांचे पैसे बिलात वळते झाले आणि खातं कोरं. कूलर-एसीचा खरा काळ एप्रिलपासून सुरू होतो, नेमकी तेव्हाच पाटी पुसलेली.

स्लॅबची दक्षिण बाजू गेल्यामुळे यंदा कुरडया आणि मुगवड्या जिन्याच्या माथ्यावर वाळल्या. बाजूचे भाऊ पुढच्या आठवड्यात त्यांच्या छताची पाहणी करवून घेणार आहेत. त्यांना माझं कॅलेंडर दिलंय आणि टाकीपासून दोरी धरून डिसेंबरातली सावली कुठवर येते, तिथे खडूने रेघ मारून दिलीय.