शहर सोडायला सरकार पैसे देतंय म्हणे, पण कुठली स्कीम परवडते?

"आमच्याकडे राहायला या, आम्ही पैसे देतो" टाइपच्या बातम्या सतत फिरत असतात आणि हेडलाइनमध्ये फक्त आकडा असतो, ८४ हजार युरो काय, ३० लाख येन काय, एक युरोत घर काय. आकड्यावरून ठरवायला गेलात तर हमखास गंडाल, कारण या सगळ्या स्कीम एका जातीच्या नाहीतच. मी आधी हे बघतो की पैसे हातात कधी येतात, आणि नाही जमलं म्हणून मधेच निघालो तर परत किती भरायचे. बाकी सगळं नंतर.

जपानपासून सुरू करू, कारण तिथे खरंच रोख मिळते. २०१९ पासून स्कीम चालू आहे, टोकियोच्या २३ वॉर्डांत राहणारे किंवा आसपासहून तिथे कामाला जाणारे लोक दुसऱ्या प्रांतात गेले तर कुटुंबाला १० लाख येनपर्यंत, एकट्या माणसाला ६ लाखांपर्यंत. एप्रिल २०२३ पासून १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे अजून १० लाखांपर्यंत, म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर ३० लाखांपर्यंत जातं. पण मागच्या १० वर्षांतली किमान ५ वर्षं तुम्ही टोकियोवाले असायला हवेत, तिकडे जाऊन तिथल्या प्रांत सरकारच्या यादीतल्या कंपनीत नोकरी धरा नाहीतर स्वतःचं काहीतरी सुरू करा, किंवा जुनीच नोकरी रिमोट चालू ठेवा. रिमोटवालं सगळ्यात सोपं वाटतं ना, फक्त कंपनीने पाठवलं म्हणून गेलात तर ते चालत नाही, स्वतःच्या मर्जीने गेलेलं लागतं.

आता खरी मेख. ३ वर्षांच्या आत गाव सोडलं तर सगळे पैसे परत, ३ ते ५ वर्षांच्या मधे सोडलं तर अर्धे. समजा मोठा मुलगा सातवीत असताना गेलात, चौथ्या वर्षी तो हायस्कूलला जाणार, आणि तेव्हाच जर वाटलं की इथे धड शाळा नाही, परत जाऊ, तर ३० लाखांतले १५ लाख भरा. ते तर कधीच गाडी आणि घरसामानात गेलेले असणार! त्यामुळे याला बक्षीस समजू नका, पाच वर्षांचा बाँड समजा. आणि यादीतली नोकरी धरून गेला असाल तर ती वर्षाच्या आत सोडली तरी सगळं परत.

आयर्लंडची स्कीम उलट्या टोकाची. ते ८४ हजार युरो जे व्हायरल झालं होतं ते "बेटावर राहायला या आणि पैसे घ्या" असं कधीच नव्हतं, ती पडीक घर दुरुस्त करायची ग्रँट आहे. २०२३ मध्ये रिकाम्या घराला ५० हजार आणि पार मोडकळीला आलेल्या घराला ७० हजार युरोपर्यंत केली, आणि किनाऱ्याजवळच्या लहान बेटांवर तेच ६० आणि ८४ हजार. घर निदान २ वर्षं रिकामं पाहिजे, २००८ च्या आधीचं पाहिजे, ते विकत घ्यायचे पैसे तुमचेच, आणि मंजुरीच्या आधी काम सुरू केलं तर त्या कामाचा खर्च धरत नाहीत. ५ वर्षांच्या आत विकलं तर पूर्ण ग्रँट परत, ५ ते १० मधे ७५ टक्के. व्हिसाशी हिचा काडीचा संबंध नाही, बाहेरच्या देशातल्या लोकांनी तिकडे धडाधड चौकशा केल्या त्या फुकट गेल्या. पण ज्याच्याकडे आधीच तिथे राहायचा हक्क आहे, हातात भांडवल आहे आणि दहा वर्षं हलायचं नाहीये, त्याला जपानपेक्षा ही बरी, कारण पैसे खर्चून शेवटी घर तरी मागे राहतं.

इटलीचं एक युरोत मिळणारं पडीक घर म्हणजे याचंच स्वस्त दिसणारं भावंड. सिसिलीतल्या मुस्सोमेलीचं उदाहरण घ्या, तिथे ५ हजार युरो डिपॉझिट आणि ३ वर्षांत रिनोव्हेशन पूर्ण करायचं, नाही केलं तर डिपॉझिट गेलं. खर्च सगळा तुमचा. इटलीतल्याच मोलिझे प्रांताने २०१९ मध्ये महिना ७०० युरो तीन वर्षं अशी ऑफर काढली होती, पण २ हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात जाऊन धंदा सुरू करायची अट होती. आता एवढ्याशा गावात गिऱ्हाईक कोण येणार हे ज्याचं त्याने बघावं. ऑनलाइन धंदा असेल तरच मी विचार करीन.

स्वित्झर्लंडच्या आल्बिनेन गावाबद्दल पण लोक फार विचारतात. तिथे मोठ्या माणसाला २५ हजार फ्रँक आणि मुलाला १० हजार, पण वय ४५ च्या खाली, घर किमान २ लाख फ्रँकचं आणि १० वर्षं मुक्काम. शिवाय स्विस नागरिकत्व नाहीतर कायम वास्तव्याचा परवाना आधीच लागतो. पुढे.

मला स्वतःला सगळ्यात प्रामाणिक वाटते ती नॉर्वेची पद्धत, आणि तिची बातमी कोणी करत नाही कारण हेडलाइनला आकडाच नाही. अगदी उत्तरेकडच्या फिनमार्क आणि नॉर्ड-ट्रोम्स भागात १९९० पासून चालू आहे, तिथे राहून काम केलं की स्टुडंट लोनमधले दरवर्षी १० टक्के माफ (वरची मर्यादा ठरलेली आहे), इन्कम टॅक्स कमी, विजेवरचा टॅक्स नाही. राहिलात तेवढ्या वर्षांचं मिळतं, निघालात की बंद, पण मागचं कोणी मागत नाही. अमेरिकेत कॅन्ससच्या ग्रामीण काउंट्यांत पण असंच, पाच वर्षांत मिळून १५ हजार डॉलरपर्यंत स्टुडंट लोन फेडायला मदत. अर्थात डोक्यावर लोनच नसेल तर कॅन्ससवाल्याचा उपयोग शून्य, आणि नॉर्वेत मग टॅक्स आणि विजेचंच काय ते उरतं.

ऑस्ट्रेलियाचं गणित पैशाचं नाहीच, व्हिसाचं आहे. तिथे वय, शिक्षण, अनुभव यांचे पॉइंट मोजून व्हिसा देतात, आणि ४९१ नंबरच्या रीजनल व्हिसाला १५ पॉइंट जास्तीचे मिळतात, व्हिसा ५ वर्षांचा, ३ वर्षांनंतर अटी पूर्ण असतील तर १९१ नंबरच्या व्हिसावर कायमचं राहता येतं. आणि "रीजनल" म्हणजे खेडं असं काही नाही, सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकी जवळपास सगळं त्यात येतं, पर्थ आणि ॲडलेडसुद्धा! म्हणजे चांगल्या मोठ्या शहरात राहून अट पूर्ण होते. तोटा एवढाच की ती ३ वर्षं बाकीच्या बहुतेक कायमच्या व्हिसांचे दरवाजे बंद राहतात, मधे हातपाय हलवायला जागा कमी. तरी बाहेरून येणाऱ्याला या सगळ्यांत हीच एक कामाची आहे असं माझं मत.

बाकी मुलं शाळेत असतील आणि पाच वर्षांचा भरवसा नसेल तर जपानची रोख टाळा किंवा घ्याच तर तशीच बँकेत पडू द्या. एकटे असाल, रिमोट नोकरी पक्की असेल तर मात्र ६ लाख येन सोडण्यात अर्थ नाही. फक्त जपानात प्रत्येक नगरपालिका यात भाग घेत नाही, घेतला तरी त्या वर्षाचं बजेट संपलेलं असू शकतं, आणि अर्ज तिकडे राहायला गेल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो, म्हणून सामान बांधायच्या आधी तिथल्या ऑफिसला फोन करून या तीन गोष्टी विचारून घ्या.