अप्पा बळवंत चौकातला उठावाचा पृथ्वीगोल: घ्यावा का?

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या शालेय साहित्याच्या दुकानांत ३० सेंमी व्यासाचा, डोंगर हाताला लागतील असा पृथ्वीगोल मिळतो. दिसतो सुरेख. पण मुलांना शिकवायला हवा असेल, तर त्याच मापाचा गुळगुळीत गोल घ्या.

पृथ्वीचा विषुववृत्तीय व्यास १२,७५६ किमी, म्हणजे या गोलावर १ सेंमीला सुमारे ४२५ किमी. या हिशेबाने ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट जेमतेम ०.२ मिमी भरतं. उठावाच्या गोलावर हिमालय ३ मिमी वर आला, की तो सव्वाशे किलोमीटर उंच झाला! मुलांच्या डोक्यात तेच चित्र पक्कं बसतं. ११ किमी खोल मेरियाना गर्ताही इथे पाव मिलिमीटरच्या आसपास. ध्रुवांकडचा चपटेपणा, म्हणजे दोन व्यासांतला ४३ किमीचा फरक, फक्त १ मिमी. त्यामुळे गोल पूर्ण गोल दिसला तर तो दोष नव्हे.

सांधा मात्र नीट बघा. प्लॅस्टिकचे दोन अर्धगोल विषुववृत्तावर जोडलेले असतात. ७५° पूर्व रेखावृत्त सांध्यावरून न तुटता खाली गेलं पाहिजे. २ मिमी सरकलं तर ८५ किमीची चूक. कागदी पट्ट्यांच्या गोलात कर्कवृत्त प्रत्येक जोडावर जुळतंय का ते पाहा. पावसाळ्यात या पट्ट्यांच्या कडा दमटपणाने सुटतात, म्हणून वरून लॅमिनेशन हवंच. विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून मोजा: ९४ सेंमी भरला पाहिजे. आस टेबलाशी साडेसहासष्ट अंशांत असावा, कोनमापक सोबत न्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोल कमानीतून सुटा करता आला पाहिजे. पक्क्या रिव्हेटचा घेऊ नका. सुटा गोल गच्चीवर उन्हात चुंबळीवर ठेवा, पुणे (१८.५° उत्तर, ७३.९° पूर्व) अगदी माथ्यावर आणि उत्तर ध्रुव उत्तर दिशेला. आता गोलावर जिथे ऊन आहे, तिथे या क्षणी खरोखर दिवस आहे. सावलीच्या कडेवर कुठे सूर्य उगवतोय, कुठे मावळतोय. पुण्यावर मेणाने काडेपेटीतली काडी उभी चिकटवा. मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस, दुपारी साडेबाराच्या थोडं पुढेमागे, तिची सावली नाहीशी होते.